नानांच्या लँडमास्टरचा हॉर्न

हॉर्न बिघडला म्हणून गाडी ढकलत गॅरेजवर आणणारं गिऱ्हाईक मी उभ्या आयुष्यात पाहिलं नाही. इंजिन बंद पडलं की माणूस घामाघूम होऊन येतो. दिवे गेले की अंधार पडायच्या आत येतो. हॉर्नवाला मात्र नेहमी दुसऱ्याच कामाला आलेला असतो आणि निघता निघता म्हणतो, "तेवढा हॉर्न पण बघून टाका." जणू भाजी घेतल्यावर वर कोथिंबीर मागावी तसं. माझ्या धंद्यात हॉर्नला ही किंमत. आणि तरीही दिवाळी अंकासाठी धंद्यातलं काही लिहा, असा निरोप आला तेव्हा मला आठवला तो हॉर्नच.

मी गाड्यांचा इलेक्ट्रिशियन. सातपूरला, औद्योगिक वसाहतीच्या तोंडाशी माझं दुकान होतं. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला कारखान्यातली नोकरी गेली तेव्हा ते टाकलं आणि गुडघ्यांनी साथ सोडली तेव्हा बंद केलं. आता इंदिरानगरला राहतो. सोसायटीतल्या मंडळींना इलेक्ट्रिशियन म्हणजे पंखा लावणारा एवढंच ठाऊक आहे. त्यामुळे मिक्सर बंद पडला की माझ्या दारावरची बेल वाजते. मी जातो. नाही म्हणायला कधी जमलं नाही, आणि मिक्सरमध्ये असतं तरी काय.

हॉर्न कसा वाजतो ते आधी सांगतो, म्हणजे पुढचं समजेल. हॉर्नच्या डबीत तारेचं एक वेटोळं असतं आणि त्याच्यासमोर पोलादाचा पातळ पडदा. वीज आली की वेटोळं पडद्याला ओढतं. ओढल्याबरोबर वीज तुटते, पडदा सुटतो, सुटला की पुन्हा वीज जोडली जाते. हे इतक्या भराभर चालतं की आपल्याला नुसता आवाज ऐकू येतो. जुन्या गाड्यांत आणखी एक गंमत असायची. बॅटरीची वीज हॉर्नच्या दारात कायम येऊन उभी असायची. स्टिअरिंगच्या मधलं बटण दाबलं की हॉर्नची दुसरी वायर गाडीच्या लोखंडाला टेकायची, बस्स. गाडीचं अख्खं अंग हीच परतीची वायर. म्हणजे बटण दाबून आपण वीज पाठवत नाही, तिला घरी जायची वाट मोकळी करून देतो. ही वाट कुठे अडली ते शोधायचं, एवढंच माझं काम.

शोधायला हत्यार काय, तर एक बारका बल्ब, त्याला दोन वायरी, एका वायरीच्या टोकाला सुई. त्याला आम्ही टेस्ट लॅम्प म्हणतो. बॅटरीपासून सुरुवात करायची आणि सुई टोचत टोचत ड्रायव्हरकडे यायचं. जिथे बल्ब लागत नाही, तिथे चोर. आणि कुठेच चोर सापडला नाही, तर ड्रायव्हर तपासायचा. हसू नका, हे मी अनुभवाने सांगतोय.

देवळाली कॅम्पचे एक निवृत्त मेजरसाहेब होते. सगळी नोकरी तोफखान्यात गेलेली. आपली जुनी अँबॅसिडर घेऊन आले ते तणतणतच. "दोन जणांना दाखवली. दोघेही म्हणतात हॉर्न चांगला आहे. तुम्ही तरी खरं सांगा." असं म्हणून त्यांनी हॉर्न दाबला. शेजारच्या टपरीवर चहा गाळणारा दचकला, माझ्या हातातला पाना पडला. साहेब माझ्याकडे बघून म्हणाले, "बघितलंत? काही नाही."

हॉर्न ठणठणीत होता, पण त्याचा आवाज होता किनरा, आणि किनरे आवाज साहेबांच्या कानांनी कधीच तोफांना देऊन टाकले होते. ते त्यांना तोंडावर सांगायचा माझा धीर झाला नाही. मागच्या सीटवर त्यांच्या पत्नी बसल्या होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहून हळूच मान हलवली. त्यांना सगळं ठाऊक होतं. मी म्हटलं, "साहेब, आवाज जरा बारीक पडलाय. बदलू." आणि ट्रकला असतो तसा जाड आवाजाचा हॉर्न बसवला. साहेबांनी दाबला, आणि त्यांचा सगळा चेहरा उजळला. "हा खरा हॉर्न," म्हणाले. बाई मागून म्हणाल्या, "आता मीही जरा जाड आवाजात बोलत जाते." साहेबांना ते ऐकू गेलं नाही. मला मात्र दोन दिवस ते वाक्य पुरलं.

हल्ली हे शोधणं-बिधणं राहिलेलं नाही. हॉर्न गेला की नवा, बटण गेलं की अख्खं स्टिअरिंग, आणि बिघाड कुठे आहे ते कॉम्प्युटर सांगतो. त्याबद्दल माझी तक्रार नाही. गाड्या चांगल्या झाल्या, लोकांचा वेळ वाचतो. फक्त सुई टोचल्यावर बल्ब लागतो की नाही, हे बघताना जो श्वास रोखला जायचा, त्याची मला अजून आठवण येते.

तर नानांची गोष्ट. दोन हजार साल उलटून गेलं होतं. संक्रांत होऊन थोडे दिवस झाले असतील. सकाळीच एक तिशी-पस्तिशीचा माणूस मोटरसायकलवरून दुकानाशी आला. मागे रिकाम्या टोपल्या बांधलेल्या, अंगाला गुलाबाचा वास. फुलबाजारात माल घालून परतत होता. नाव बाळासाहेब, गाव मखमलाबाद.

"मिस्तरी, जुन्या गाडीचा हॉर्न बघायचाय. पन गाडी आनता नाय येनार. तुमीच चला."

"चालत नाही का गाडी?"

"चालती ना. पन तिच्यात नाना बसायचे, ती हलवलेली त्यांना खपनार नाय."

मला काही कळलं नाही. पण माणूस असा बोलत होता की पुढे विचारवेना. पिशवीत हत्यारं टाकली आणि त्याच्या मागे बसलो. वाटेत, मान मागे वळवून वळवून, त्याने सगळं सांगितलं. दर वेळी मान वळली की माझा जीव वर-खाली व्हायचा.

नाना म्हणजे त्याचे वडील. गुलाब आणि भाजीपाला पिकवणारे. देवळाली कॅम्पमधलं एक पारशी कुटुंब परदेशी निघालं तेव्हा त्यांची लँडमास्टर नानांनी घेतली. आजच्या वाचकांनी ही गाडी पाहिली नसेल. अँबॅसिडरच्या आधीची, गोल पाठीची, जाडजूड पत्र्याची. मागच्या सीटवर गुलाबाच्या टोपल्या ठेवून नाना बाजारात जायचे. गावातल्या अडल्यानडल्या बायकांना बाळंतपणाला त्याच गाडीतून दवाखान्यात पोहोचवायचे. गाडीचं सगळं काम स्वतः करायचे. कुठला स्क्रू कुठे आहे ते डोळे मिटून सांगतील इतकी ती हाताखालची.

आदल्या पावसाळ्यात नानांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं. समजायचं सगळं, पण तोंडातून शब्द निघेना. पाटी दिली, तर डाव्या हाताने नुसत्या रेघोट्या. मान हलवून हो-नाही सांगता आलं असतं, डॉक्टरही तसंच म्हणत होते. पण नाना मान हलवायचे नाहीत. खाटेवर पडून मान हलवायची म्हणजे आपण पेशंट, हे त्यांना मंजूर नव्हतं. बघायचे आणि तोंड फिरवायचे.

मग दसरा आला. आपल्याकडे दसऱ्याला गाडीची पूजा होतेच. बोनेटवर स्वस्तिक, झेंडूचा हार, चाकाशी लिंबू. स्टिअरिंगच्या बरोबर मधे हॉर्नचं गोल बटण असतं, ते घरच्या बायकांना गाडीचं कपाळ वाटतं, म्हणून तिथे हळदकुंकू. नानांना खुर्चीसकट शेडमध्ये आणलं. त्यांनी डाव्या हाताने खूण केली, मला आत बसवा. बसवलं. माईंनी, म्हणजे बाळासाहेबाच्या आईने, बटणाला हळदकुंकू लावलं आणि दर वर्षीच्या सवयीने विचारलं, "नारळ फोडू का?" विचारल्यावर त्यांच्या लक्षात आलं की आता उत्तर येणार नाही. तेवढ्यात हॉर्न वाजला.

"मिस्तरी, समदे गपगार," बाळासाहेब सांगत होता. "आईनं परत इचारलं, फोडू ना? परत एक हॉर्न. मंग आमची लहानी पोरगी म्हनली, नाना, दोन वाजवले की नाय म्हना. तवापासून तेच चाललं. एक म्हंजी हो, दोन म्हंजी नाय. रोज सकाळी नानांना गाडीत बसवायचं. चहा घेता का, एक. ऊन लागतंय का, दोन. बाळासायबाचं चुकलं का, तर लगीच एक."

तो हसला. मग पुढचं सांगितलं. पौषात हॉर्न खरखरायला लागला होता. मग कधी वाजायचा, कधी नाही. संक्रांतीच्या सुमाराला कायमचा बसला. तेव्हापासून नानांनी गाडीत बसणं सोडलं होतं. भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे. दोन घास जायचे पोटात, तेही बळेबळे. घंटी आणून दिली, ती त्यांनी फेकून दिली. डॉक्टर म्हणाले होते, या माणसाने जिद्द सोडली तर चांगली बाजूही हळूहळू निकामी होईल.

त्यांच्या मळ्यात पोहोचलो. घराला लागून पत्र्याची शेड, तिच्यात ती करडी लँडमास्टर. अंगावर धुळीचा कण नाही. दाराशी माई उभ्या होत्या. बारीक अंगाच्या, नऊवारी नेसलेल्या, नजर खाली. त्यांनी हॉर्नचं नाव काढलं नाही. म्हणाल्या, "भाऊ, यांचा आवाज गेलाय. तेवढा बघा."

इतक्या वर्षांत असं काम मला कुणी सांगितलं नव्हतं. मी नुसता "बघतो" म्हटलं आणि बोनेट उघडलं.

बॅटरी चांगली. फ्यूज चांगला. हॉर्न काढून बघितला, तर त्याच्या तोंडात कुंभारमाशीने मातीचं घर केलेलं. मला तर आनंद झाला. सापडला चोर. घर खरवडून काढलं, हॉर्न पुसला, पुन्हा जागेवर बसवला आणि त्याची दुसरी वायर सरळ गाडीच्या पत्र्याला टेकवली. असा खणखणीत वाजला की छपरावरचे कावळे उडाले. माईंनी हात जोडले. बाळासाहेब धावत जाऊन स्टिअरिंगशी बसला आणि त्याने बटण दाबलं. काही नाही. पुन्हा दाबलं. काही नाही. माईंचे जोडलेले हात तसेच राहिले. जास्तीची हुशारी केल्यासारखं वाटून मी खाली बघत पिशवीत उगाच काहीतरी शोधत राहिलो.

मग सगळं नीट रीतीने केलं. सुई टोचत टोचत आलो. हॉर्नच्या दारात वीज होती. हॉर्नपासून स्टिअरिंगच्या दांड्यापर्यंत आलेली वायर धड होती, कारण तिचं टोक दांड्याशी पत्र्याला टेकवलं की हॉर्न वाजत होता. म्हणजे वाट अडली होती ती अगदी शेवटच्या बोटभर जागेत. बटणात.

आणि तिथेच माझा हात थांबला. ते बटण बेकलाइटचं, म्हणजे जुन्या कडक प्लॅस्टिकचं होतं, माझ्या जन्माच्या आगेमागेचं. हे जुनं बेकलाइट वरून दगडासारखं दिसतं, पण पात्याने उचकटायला गेलं की बिस्किटासारखं तुटतं. तुटलं तर दुसरं मिळणार कुठे? मालेगावच्या भंगार बाजारात चार महिने हिंडलो असतो तरी सापडलं असतंच असं नाही. बटणाच्या कडेला तांबूस काहीतरी दिसत होतं. मी ते गंज धरलं. म्हणजे आत रुतून बसलेलं असणार, जोर लावावा लागणार, आणि जोर लावला की तुटणार.

अशा वेळी आमच्या धंद्यात सगळे जे करतात तेच मी केलं. बटण सोडून दिलं आणि दुसरी वाट काढली. डॅशबोर्डच्या खाली, डाव्या हाताला सहज लागेल असं एक लाल बटण बसवलं, वायर जोडली, दाबलं, हॉर्न वाजला. सोपं काम. मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटत मी म्हटलं, "आणा नानांना."

बाळासाहेबाने वडलांना दोन्ही हातांवर उचलून आणलं. एके काळी धिप्पाड असणार, हाडं अजून तशी होती. सीटवर बसवल्यावर त्यांनी डावा हात स्टिअरिंगवरून एकदा फिरवला. माईंनी विचारलं, "चहा घ्यायचा का?"

नानांचा हात मधल्या बटणावर गेला. दाबलं. आवाज नाही. मी पुढे होऊन त्यांचं बोट हळूच लाल बटणावर ठेवलं. हॉर्न वाजला. माईंच्या डोळ्यांत पाणी आलं. बाळासाहेब म्हणाला, "बघा नाना, झालं का नाय?"

नानांनी हात मागे घेतला, पुन्हा मधल्या बटणावर ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. एक मेकॅनिक दुसऱ्या मेकॅनिककडे बघतो तसं. तू ठिगळ लावलंस, दुरुस्ती केली नाहीस, असं ती नजर सांगत होती, आणि ते खरं होतं. मला लाज वाटली आणि तो माणूस एकदम आवडूनही गेला.

"नाना," मी म्हटलं, "ते उघडायचं तर तुटायची भीती आहे. तुटलं तर परत मिळणार नाही."

त्यांनी बटणावरचा हात उचलला आणि मांडीवर ठेवला. उघड, असं त्याहून स्पष्ट कसं सांगणार?

मी माईंकडे गरम पाणी मागितलं. फडकं भिजवून बटणावर धरलं, गार झालं की पुन्हा. नाना शेजारीच बसलेले, माझ्या हातांवर नजर लावून. पातळ पात्याला कापड गुंडाळून कडेत सरकवलं. जरा या बाजूने, जरा त्या बाजूने. जोर लावायचा मोह होत होता, तेव्हा तेव्हा हात काढून घेतला. शेवटी कुठेतरी टक् झालं. मला वाटलं, गेलं. पण बटण अख्खंच्या अख्खं माझ्या तळहातावर आलं होतं.

आत गंज नव्हता. पिवळ्या आणि लाल थरांची एक जाड चकती होती. थरावर थर, त्यांत अडकलेल्या अक्षता, गुलाबाची एक काळी पडलेली पाकळी. दुधाचा आंबूस वास. स्प्रिंग त्यात बुडालेली आणि खालची पितळी चकती हिरवी पडलेली. वर्षातून एकदा दसऱ्याला लावलेल्या हळदकुंकवाने काही होत नाही. दसऱ्यानंतर आठवडाभर आम्ही ते काचांवरून आणि दिव्यांवरून पुसतच असतो. हे एका दिवसाचं नव्हतं. हे रोजचं होतं, आणि वर पळीभर तीर्थ.

मी मान वर केली. माई समोर उभ्या होत्या. हातात पूजेचं तबक, त्यात कुंकवाचा करंडा, दूध, रामकुंडाचं पाणी भरलेली तांब्याची लोटी. त्यांच्या पूजेची वेळ झाली होती.

माझ्या सगळं लक्षात आलं. दसऱ्याला ज्या जागेतून नवऱ्याचा आवाज परत आला, ती जागा या बाईसाठी देवाचीच झाली होती. तिने रोज तिची पूजा केली. आवाज खरखरायला लागला तशी आणखी मनापासून केली असणार. आणि प्रत्येक पूजेबरोबर तो आवाज थोडा थोडा बंद होत गेला.

"काय निघालं भाऊ?" माईंनी विचारलं.

गंज, असं म्हणून सुटता आलं असतं. पण मग उद्या पुन्हा हळदकुंकू, पुन्हा दूध, आणि पुन्हा हॉर्न बंद. खरं सांगावं तर कसं सांगावं? मी नानांकडे पाहिलं. ते माझ्याकडेच बघत होते. आणि ज्या माणसाने इतक्या महिन्यांत डॉक्टरांसमोरही मान हलवली नव्हती, त्याने मान हलवली. अगदी थोडी. नाही. सांगू नकोस.

मी पात्याने कागदावर तो थर खरवडून घ्यायला लागलो. पण माई काही कमी नव्हत्या. तबक बोनेटवर ठेवून त्या जवळ आल्या, कागदाकडे बघितलं, चिमूटभर उचलून बोटांत चोळलं.

"हे तर माजं हळदकुंकू हाय," त्या म्हणाल्या. मग म्हणाल्या, "म्हंजी यांचं बोलनं मी बंद केलं व्हय?"

मी घाईघाईने बोलायला लागलो. गाडी जुनी आहे, पितळ जुनं आहे, आज ना उद्या झालंच असतं, पूजेला दोष नाही, बोनेटवर करा, कुठेही करा. जे सुचेल ते बोलत होतो. त्या ऐकत नव्हत्या. शेडच्या खांबाला टेकून खाली बघत होत्या. बाळासाहेबाला तिथे उभं राहवेना, तो गोठ्याकडे निघून गेला.

मग मी काम उरकलं. पेट्रोलने सगळं धुतलं. पितळी चकती पॉलिश पेपरने घासली, पिवळीधमक होईपर्यंत. स्प्रिंग जरा ताणून बसवली. ते लाल बटण काढून पिशवीत टाकलं. बेकलाइटचं बटण जागेवर दाबून बसवलं आणि म्हटलं, "नाना, बघा."

नानांनी दाबलं. हॉर्न वाजला, पहिल्यासारखा, भरदार. त्यांचा हात तिथेच राहिला, जणू आवाज पुन्हा जाईल अशी भीती होती. माई मात्र खांबापासून हलल्या नाहीत. तिथूनच त्यांनी विचारलं, "तुमाला म्हाईत व्हतं? मी पानी वततीया ते आत जातंय, त्यानं हे बिघडंल, म्हाईत व्हतं?"

एक हॉर्न.

"मंग माजा हात का नाय धरला? डावा हात तर चालतो तुमचा."

हॉर्न वाजला नाही. कसा वाजणार? त्यांच्याकडे हो आणि नाही एवढेच दोन शब्द होते, आणि 'का' या प्रश्नाला त्यातला एकही लागू पडत नव्हता. माझ्या ते लक्षात आलं, माईंच्याही आलं. त्यांनी प्रश्न बदलला, "मला वाईट वाटंल म्हनून?"

दोन हॉर्न.

मी चकित झालो. मलाही तेच कारण वाटत होतं. माई गाडीजवळ आल्या. दाराच्या काचेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. रोज बहुधा तशाच उभ्या राहत असणार.

"भाऊ, आमचं लगीन झालं तवापासून मी फुलं खुडत्ये आन हे बाजारात जात्यात," त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या. "घटकाभर असं बसनं कंदी झालंच नाय. हळदकुंकू लावाया लागल्यापास्नं मी हितं उभी ऱ्हाऊन घरातलं समदं यांना सांगायची. गाय व्यायली, सुनंचं पटत नाय, गुलाबावर रोग पडलाय. हे ऐकायचे." मग नानांकडे वळून अगदी हळू विचारलं, "मी रोज येऊन हितं उभी ऱ्हायची, म्हनून हात नाय धरला?"

एक हॉर्न.

माईंनी पदर डोळ्यांना लावला. रडू आवरायचा त्यांनी प्रयत्नही केला नाही, आणि मीही दुसरीकडे बघायचं सोंग केलं नाही. माझेही डोळे भरले होते. थोड्या वेळाने त्यांनी नाक पुसलं आणि विचारलं, "मंग उद्यापासून मी नुसतीच येऊन बसले, तबक न घेता, तर चालंल का?"

नानांनी बटण दाबलं आणि हात काढलाच नाही. हॉर्न वाजत राहिला. मळ्याच्या टोकापर्यंत, पार रस्त्यापर्यंत तो गेला असेल. हॉर्न असा थांबेनासा झाला की इलेक्ट्रिशियनचा हात आपोआप वायरीकडे जातो. माझाही गेला होता.

गोठ्याकडून बाळासाहेब धावत आला. "परत बिघडला काय, मिस्तरी?"

मी वायरीवरचा हात काढून घेतला. "नाही," म्हटलं. "बरोबर वाजतोय."